५०० वॅटचा ॲम्प्लिफायर, १ अँपिअरचा फ्यूज

ॲम्प्लिफायर घेताना मी फक्त समोरची बाजू पाहिली. मागची पाहिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

संस्थेच्या मैदानावरच्या कार्यक्रमांसाठी चार भोंगे आमच्याकडे आधीपासून होते, प्रत्येकाचं युनिट, म्हणजे आवाज काढणारा भाग, १६ ओहमचं (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितका ॲम्प्लिफायरवर भार जास्त). जुना ॲम्प्लिफायर खरखरायला लागला, नवा घ्यायचं ठरलं, आणि ‘तुला त्यातलं कळतं’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मला कळत होतं ते एवढंच, की माईकची पिन कुठे खुपसायची आणि शिट्टी सुरू झाली की व्हॉल्यूम कमी करायचा.

दुकानदाराने काढलेल्या पेटीवर ठळक अक्षरांत ‘५०० वॅट’ छापलेलं. चकचकीत पॅनेल, दोन निळे दिवे, आणि एका नावाजलेल्या कंपनीच्या नावातलं एकच अक्षर बदललेलं नाव, जे माझ्या नंतर लक्षात आलं. मी विचारलं, ‘‘मैदानावर पुरेल ना?’’ त्याने उत्तर दिलंच नाही. कोपऱ्यातला भोंगा जोडला, माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘‘बोला साहेब.’’ मी ‘हॅलो’ म्हटलं आणि कानठळ्या बसल्या. नॉब अजून अर्ध्यावरही आला नव्हता. माझी खात्री पटली. त्याने बिल केलं, ‘ॲम्प्लिफायर, १ नग’, आणि मी ते न वाचता घडी घालून खिशात टाकलं.

फसलो तो त्या ‘हॅलो’पाशी. भोंगा ही मुळात फार जोरकस वस्तू. नुसत्या १ वॅटवर तो एक मीटरवर शंभराच्या वर डेसिबल देतो. बंद दुकानात ५ वॅटही डोकं उठवतात. वर आपला कान वॅट मोजतच नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला साधारण दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे छोट्या खोलीत अर्ध्या नॉबवर एकच पेटी वाजवून दाखवली तर ती ५० वॅटची की ५०० ची हे ओळखणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. फरक कळतो तो मोकळ्यावर, जिथे अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात आणि ते भरून काढायला मागे खरी ताकद लागते.

पहिल्या कार्यक्रमात नॉब अर्ध्याच्या पुढे नेला की आवाज फाटायचा. वीस-पंचवीस मिनिटांत पेटीच्या जाळीतून व्हार्निश जळल्याचा वास आला आणि सगळं गप्प. समोर बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती, मी पेटीकडे.

दुकानदाराकडे नेली तर त्याने पेटीला हातही लावायच्या आधी विचारलं, ‘‘जोडणी कशी केली होती?’’ मी सांगितलं, चारही भोंगे समांतर, ८ ओहमच्या टर्मिनलला. तो हसला. ‘‘साहेब, १६ ओहमचे चार समांतर म्हणजे ४ ओहम झाले. ८ वर ४ चा लोड टाकलात, जळणारच. हे वॉरंटीत येत नाही.’’

हिशेब त्याचा बरोबर होता. चूक माझीच होती, आणि चूक आपली असली की माणूस पुढचं काही विचारत नाही. मी मान खाली घालून दुरुस्तीचे पैसे दिले. वर त्याने सांगितले म्हणून चार लाईन ट्रान्सफॉर्मरही घेतले. लांब वायरीसाठी ही पद्धत खरोखरच चांगली आहे: ॲम्प्लिफायरच्या १०० व्होल्टच्या टर्मिनलवरून लाईन काढायची, प्रत्येक भोंग्यापाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा आणि त्याच्या टॅपवर (वायर जोडायच्या खुंटीवर) ठरवायचं की या भोंग्याने किती वॅट घ्यायचे. आमच्याकडच्या ट्रान्सफॉर्मरला १०, २० आणि ३० वॅटचे टॅप होते. या वेळी जोडणी करायला दुकानदाराचाच माणूस आला. चारही भोंगे त्याने ३० च्या टॅपला लावले. ‘‘पेटी ५०० ची आहे, १२० म्हणजे काहीच नाही,’’ असंही म्हणाला.

दुसऱ्या कार्यक्रमात तासाभरात तोच वास.

या खेपेला मी दुकानात गेलो नाही. ओळखीतले एक काका आहेत, व्हॉल्व्हच्या रेडिओपासून दुरुस्त्या करत आलेले. त्यांच्या टेबलावर पेटी ठेवली. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचललाच नाही. पेटी उलटी फिरवली, चष्मा वर सरकवला आणि फ्यूजच्या टोपणाशेजारचं बारीक लिखाण मोठ्याने वाचलं: ‘‘२३० व्होल्ट, १ अँपिअर.’’ मग माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘करा गुणाकार. २३० घेऊन ५०० देणारी पेटी तुम्हाला सापडली असेल, तर वीजनिर्मिती केंद्रं बंद करायला हरकत नाही.’’

मी म्हटलं, पण फ्यूज तर कधी उडाला नाही. त्यावर त्यांनी नीट समजावलं. बोलण्यात शब्दाशब्दांत फट असते, सरासरी ओढ कमी पडते, त्यामुळे क्षणभर जास्त करंट गेला तरी फ्यूज तग धरतो. पण सतत द्यायची ताकद आत येणाऱ्या विजेपेक्षा जास्त असूच शकत नाही, आणि या जातीच्या ॲम्प्लिफायरमध्ये आलेल्या विजेचा बराच वाटा हिटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, तापवण्यातच जातो.

मग झाकण उघडलं. हिटसिंकवर आठ मोठे ट्रान्झिस्टर रांगेत बसवलेले, बघून छाती भरून यावी असे. काकांनी चिमट्याने एकेकाचा पाय हलवून पाहिला. पहिला पक्का. दुसरा पक्का. तिसऱ्याचा पाय बोर्डाच्या भोकापर्यंत पोचलाच नव्हता, नुसता वाकवून आत दडवलेला. ना सोल्डर, ना तार. असे चार निघाले. स्क्रूने घट्ट आवळलेले, खाली पांढरी पेस्टसुद्धा लावलेली, पण कशालाच न जोडलेले. मला राग यायच्या आधी त्या पेस्टचंच आश्चर्य वाटलं. जे कधी तापणारच नाहीत त्यांच्या खाली उष्णता वाहून न्यायची पेस्ट! कोणीतरी बसून मन लावून हे केलं होतं.

उरलेल्या चारांपैकी दोन दुरुस्तीत बदललेले होते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्यावर त्यांच्यावरचा नंबर बोळ्यावर आला, म्हणजे तेही नकली. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगची तार ब्लेडने खरवडली तर तांबूस रंगाखाली पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम वाईटच असतं असं नाही, पण त्याची वाहकता तांब्याच्या साधारण साठ टक्के. तार तेवढी जाड घेतली तर चालतं. इथे ती घेतलेली नव्हती, म्हणून तो वास.

काकांनी चार खरे ट्रान्झिस्टर घालून पेटी जिवंत केली आणि भोंग्याऐवजी ८ ओहमचा जाडजूड रेझिस्टर जोडला. मोबाइलवरून ३०० हर्ट्झचा सलग सूर सोडला, ऑसिलोस्कोपवर लाट बघत नॉब वाढवत नेला. लाटेचे शेंडे सपाट व्हायला लागले, म्हणजे पेटीची ताकद संपली, तिथे थांबले. मीटरवर २२ व्होल्ट. व्होल्टच्या वर्गाला ओहमने भागलं की वॅट मिळतात: २२ चा वर्ग ४८४, भागिले ८: ६० वॅट. पेटी खरंच ५०० ची असती तर तिथे ६३ व्होल्ट दिसायला हवे होते.

आणि मग त्यांनी विचारलं, ‘‘भोंगे कितीच्या टॅपला लावले होते?’’ ३० च्या. चार गुणिले ३० म्हणजे १२०, पेटी ६० ची. म्हणजे दुसऱ्यांदा पेटी जाळली ती दुकानदाराच्या माणसाने, माझ्या डोळ्यांसमोर. पहिल्या वेळची माझी चूक पुढे करून दुकानदाराने स्वतःचं सगळं झाकलं होतं आणि मी त्याला मदत केली होती.

हे सगळं कागदावर लिहून दुकानात गेलो. तो शांतपणे ऐकत होता. ‘‘५०० म्हणजे पीएमपीओ, साहेब.’’ पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची म्हणून सांगितलेली कमाल ताकद, या आकड्याला कुठलंच ठरलेलं माप नाही, ज्याला जो वाटेल तो छापतो; विचारायचे असतात ते आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारे, आणि तेही किती ओहमवर. हे मी आता शिकलो होतो, म्हणून वाद घातला. त्याने हात पुढे केला. ‘‘बिल दाखवा. कुठे लिहिलंय ५०० वॅट?’’

‘ॲम्प्लिफायर, १ नग.’ मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही, वॅट नाहीत. तो खोटं बोललाच नव्हता, निदान कागदावर तरी. त्या बिलावर आरएमएस वॅट, ओहम आणि सिरीयल नंबर लिहून मागितला असता तर एक तर त्याने लिहून दिलं नसतं आणि मी वाचलो असतो, किंवा लिहून दिलं असतं आणि तो अडकला असता. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा हे मागाच; खरा विकणारा एका मिनिटात लिहून देतो. पेटी एकदा उचलूनही बघा. मोठ्या वॅटच्या पेटीत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असेल तर ती दोन हातांनी उचलावी लागते. आमची मी एका हाताने उचलून गाडीत ठेवली होती, आणि ‘हलकी आहे, बरंच झालं’ असं वर म्हणालोही होतो.

पेटी फेकली नाही. छोट्या सभागृहात ती आता बिनतक्रार चालते. समोरच्या ५०० वर मी पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं आहे: ‘६० वॅट. भोंगे १० च्या टॅपलाच.’