वकिलांसाठी बांधकामाचं वर्कशॉप: शनिवार पैसा वसूल, रविवार ठीकठाक

मी रेराच्या (बिल्डर-ग्राहक वादांचा रिअल इस्टेट कायदा) नि सोसायट्यांच्या मॅटर्स करतो, बारावीनंतर फिजिक्सचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे इंजिनिअरचा रिपोर्ट आला की शेवटचं पान वाचायचं आणि एक्झिबिट करून जोडायचा, एवढंच जमायचं. गेल्या वर्षी समोरच्या बिल्डरने हॅमर टेस्टचा (काँक्रीटच्या पृष्ठभागावर ठोका देऊन ताकदीचा अंदाज घेतात ती) रिपोर्ट टाकला, आकडे एकदम मस्त, आणि मी उलटतपासणीत "टेस्ट तुम्हीच केली का?" एवढं विचारून खाली बसलो. ती लाज डोक्यात होती म्हणून हे दोन दिवसांचं वर्कशॉप लावलं.

शिकवणारे सर स्ट्रक्चरल इंजिनिअर. पहिल्याच तासाला पीपीटी बंद करून जुन्या बिल्डिंगचा कोअर, म्हणजे ड्रिलने कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा, टेबलावर ठेवला, फोडला, ताज्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन शिंपडलं. आतलं काँक्रीट गुलाबी झालं नि बाहेरचा बोटभर थर तसाच राखाडी. म्हणजे तेवढं कार्बोनेट झालंय (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कलीपणा गेलाय), तिथल्या सळईला गंजायला मोकळं रान. आणि पुढचं ऐकून मी कपाळावर हात मारला, असा थर वरून जास्त कडक होतो म्हणून हॅमरचं रीडिंग उलट चढंच येतं! हाच तर प्रश्न होता राव, मी विचारला नाही.

कोअरचं पण तसंच. आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, किमान तीन कोअर काढायचे, त्यांच्या ताकदीची सरासरी ग्रेडच्या 85 टक्के आणि एकही 75 च्या खाली नको. म्हणजे एम 25 ला (25 एमपीए ताकदीचा ग्रेड) सरासरी 22 आली की मी "फेल" म्हणून ड्राफ्टमध्ये ठोकून द्यायचो ते साफ चूक.

एका जागी मात्र सरच घसरले. गिलाव्याच्या भेगा स्ट्रक्चरल नाहीत, म्हणून बिल्डर सुटला म्हणे. अहो, रेराच्या कलम 14(3) मध्ये वर्कमनशिप नि क्वालिटीचे दोष पण येतात, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षं. मागून तीन-चार जण एकदमच बोलले, सरांनी हसून मान्य केलं.

रविवारी जेवणानंतर डिले क्लेम (काम लांबल्याच्या भरपाईचा दावा) पाऊण तासात उरकला, क्रिटिकल पाथ, फ्लोट, हडसन फॉर्म्युला सगळं डोक्यावरून, आणि कबूल केलेली साइट व्हिजिट रद्द. आर्बिट्रेशनवाल्यांनी यासाठी साडेचार हजार घालू नयेत, रेरा-कन्झ्यूमरवाल्यांनी जरूर जावं. पुढच्या रांगेत बसा, मागून कोअर दिसत नाही.