अक्कलदाढ काढल्यावर दहा दिवस खाल्लेला काकूंचा पथ्याचा डबा

माझी खालची उजवी अक्कलदाढ आडवी आली होती. एक्स-रेमध्ये ती शेजारच्या दाढेला डोकं टेकून आडवी पडलेली दिसत होती. दोन वर्षांत तीनदा हिरडी सुजली, तीनदा गोळ्यांवर भागवलं आणि शेवटी जूनमधल्या एका गुरुवारी ती काढूनच टाकली. चाळीस मिनिटं लागली, दोन टाके पडले. मी मूळची सोलापूरची. पुण्यात कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि कोथरूडला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. आमच्या खोलीत एक शेगडी आहे आणि तिच्यावर चहा-मॅगीपलीकडे फारसं काही होत नाही. दाढ काढायची भीती होतीच, पण त्याहून जास्त घोर होता तो पुढचे आठ-दहा दिवस खायचं काय, याचा.

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू पथ्याचे डबे देतात. त्यांच्या दाराला पाटी नाही, डब्याला नाव नाही. बाळंतिणी, म्हातारी माणसं, ऑपरेशन झालेले लोक, असेच त्यांचे गिऱ्हाईक. एका वेळचा डबा ११० रुपये, दोन्ही वेळचा घेतला तर २००. आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत सांगावं लागतं. मी बुधवारी संध्याकाळी सांगायला गेले तेव्हा त्यांनी आधी पैशांचं काही काढलं नाही. कुठली दाढ, वरची का खालची, टाके पडणार आहेत का, गोळ्या कुठल्या, दही चालतं का, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मऊ तर कुणीही करून देईल बाळा. त्यात बारीक कण नको, ते महत्त्वाचं." त्या वेळी मला त्याचा अर्थ नीटसा कळला नव्हता. रविवारी कळला, तो भाग पुढे येईलच.

पहिल्या दिवशी डबा दुपारी घेतलाच नाही. भूल उतरायला तीन-साडेतीन तास लागतात आणि तोवर खालचा ओठ आणि अर्धी जीभ आपली नसतेच. त्या अवस्थेत खायला गेलं तर गाल किंवा ओठ चावला जातो आणि कळतही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तासभर कापसाची गुंडाळी दाताखाली दाबून बसले. चुळा भरायच्या नाहीत, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, हे चोवीस तासांचे नियम. स्ट्रॉची बंदी तर आठवडाभर. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तीच जखमेचं झाकण असते. ओढून प्यायलं की ती निसटते, खालचं हाड उघडं पडतं आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. हे ऐकल्यावर मी मैत्रिणीने आणलेलं नारळपाणी पेल्यात ओतून घोट घोट प्यायले. चार वाजता साधं व्हॅनिला आइस्क्रीम, चमच्याने. काजू-बदामाचे तुकडे, चॉकलेटचे खडे, कोन यातलं काही नको. थंड असल्याने बरं वाटलं, पण तीन चमच्यांनंतर गोड नकोसं झालं आणि पोटात भूक तशीच राहिली.

संध्याकाळी साडेसातला डबा आला. काकूंचा भाचा सायकलवरून आणून देतो. तीन पुडांचा स्टीलचा डबा. वरच्या पुडात तांदळाची पेज, मधल्यात मुगाच्या डाळीचं घोटलेलं वरण, खालच्यात दूधभाताचं अगदी पातळ असं काहीतरी, ज्याला माझी आजी खिमट म्हणायची. आजी ते बाळांना करायची. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, भरड काढून शिजवलेलं. काकूंनी भरड न ठेवता पीठच केलं होतं. सोबत एक चिठ्ठी: "गरम खाऊ नकोस. पंख्याखाली ठेव, कोमट झालं की खा." गरमाने रक्त परत सुटू शकतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, काकूंना ते न सांगता माहीत होतं. पेज मी अर्धा तास पंख्याखाली ठेवली. तूप-मिठाची ती पेज, डाव्या बाजूने, चहाच्या चमच्याने. पाऊण तास लागला. पोट भरलं आणि त्यावर गोळी घेता आली, हे त्या दिवशी सगळ्यात मोलाचं होतं. रिकाम्या पोटी त्या गोळ्या घेतल्या की मला मळमळतं.

आता खरं कौतुक ज्याचं करायचंय तो गुरगुट्या भात. शुक्रवारी दुपारी पहिल्यांदा आला. मी तोवर गुरगुट्या भात म्हणजे पाणी जास्त पडलेला भात समजत होते. झाकण उघडलं तर खोलीभर आंब्याच्या मोहरासारखा वास. आंबेमोहोर तांदूळ. मुळशी-मावळकडे पिकतो, शिजला की शितं आपोआप मोडतात, म्हणून तर आजारी माणसाला आणि लहान मुलांना तोच देतात. काकू वाटीभर तांदळाला मूठभर मुगाची डाळ आणि सहा वाट्या पाणी घालतात, हिंग-हळद घालून मंद आचेवर तासभर शिजवतात, कुकर लावत नाहीत. वर पिवळं तूप आणि मेतकूट. आणि फोडणीचा वासही होता! मी घाबरून चमच्याने भात चाळून बघितला, मोहरी कुठे आहे म्हणून. मोहरी नव्हती, जिरं नव्हतं. संध्याकाळी फोन करून विचारलं तर म्हणाल्या, तुपात जिरं-हिंगाची फोडणी करतात आणि चहाच्या गाळण्यातून गाळून फक्त तूप भातावर घालतात. चव राहते, दाणा येत नाही.

मला वाटतं या एका गोष्टीसाठी हा डबा घ्यावा. मऊ जेवण मिळायला अडचण नसते. पण आपल्याकडच्या प्रत्येक मऊ पदार्थात काहीतरी दाणा असतोच. उपम्यात मोहरी, खिचडीत जिरं, साबुदाण्यात शेंगदाण्याचं कूट, श्रीखंडात चारोळी, कढीत आल्याचे तुकडे. बाहेरून बघितलं तर सगळंच दाढेच्या माणसाला चालेल असं वाटतं.

शनिवार वाईट गेला. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, ती तशीच चढली. तोंड दोन बोटं आत जातील इतकंही उघडेना. जेवणाचा चमचा जाईना म्हणून मैत्रिणीने तिच्या भाचीचा लहान चमचा आणून दिला, तो जायचा. एका गोळीने तोंडाला दिवसभर लोखंड चाटल्यासारखी चव. त्या दिवशी काकूंनी नाचणीचं सत्त्व पाठवलं, दुधात शिजवलेलं, खिरीइतकं घट्ट. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढतात, म्हणून त्यात कोंडा येत नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. हाडाला बरं म्हणून काकू ती देतात. मला तिचा उपयोग दुसराच झाला: ते एक पातेलीभर खाल्लं की तीन तास भूक लागायची नाही आणि तोंड उघडायचे कष्ट वाचायचे. रात्री ताकातली आंबील आली होती. थोडी आंबट, थोडी खारट. लोखंडाच्या चवीवर तीच काय ती चाललेली वस्तू. टाक्यांना मात्र जरा चुरचुरली. तिसऱ्या दिवशी आंबट थोडं लवकरच झालं, असं माझं मत आहे आणि मी ते काकूंना सांगितलंही.

रविवारी काकूंचा डबा बंद असतो. हे त्यांनी आधी सांगितलं होतं, मी काही तजवीज केली नव्हती. दुपारी मोबाइलवरून एका हॉटेलातून मुगाची खिचडी मागवली. कमी तिखट, फोडणी नको, असं लिहिलंही होतं. आली ती फोडणीसकटच. भूक लागलेली, वरची फोडणी बाजूला सारून डाव्या बाजूने खाल्ली. रात्री उजवीकडे काहीतरी टोचायला लागलं, मग ठणका, मग कान. गुठळी निसटली या भीतीने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा (पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, जोरात न खळखळता, नुसतं तोंडात फिरवायचं) सहा-सात वेळा केल्या. सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे. त्यांनी बघितलं, गुठळी जागेवर होती. सलाइनच्या पिचकारीने टाक्याच्या कडेची जागा धुतली आणि पांढऱ्या कापसावर मला दाखवली: एक अख्खी मोहरी. काळी, गोल, तेलाने चकचकीत. एवढ्याशा दाण्याने मला रात्रभर बसवून ठेवलं होतं.

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या हळहळल्या. "शनिवारी दोन वेळची पेज जास्तीची दिली असती गं, फ्रिजमध्ये राहते. मला सुचायला हवं होतं." त्यांची काहीच चूक नव्हती. तरीही, जो डबा आजारी माणसांसाठी आहे त्याने रविवारी सुट्टी घ्यावी, पण शनिवारी आपण होऊन विचारावं, ही माझी एक सूचना आहे. त्यांनी ती मनावर घेतली असावी. पुढच्या शनिवारी मी न मागता भाच्याने जास्तीचा एक डबा हातात ठेवला.

सोमवारपासून पदार्थ वाढले. लाल भोपळ्याचं भरीत, दह्यातलं, फोडणी गाळलेली. दुधी उकडून घोटलेलं सार. आणि मंगळवारी तांदळाची उकड. उकड मला आयुष्यात कधी आवडली नव्हती. आमच्याकडे सोलापुरात ती होतही नाही फारशी. ताकात तांदळाचं पीठ, लसूण वाटून लावलेला, वर कच्चं तेल. लसणाचा तो वास पाच दिवसांच्या गुळमट जेवणानंतर आला तेव्हा मला एकदम जेवल्यासारखं वाटलं. पातेलीला चिकटलेलं चमच्याने खरवडून खाल्लं.

फसलेला पदार्थ एकच. बुधवारचा रव्याचा उपमा. फोडणी गाळलेली होती, रवा मऊ होता, पण रवा तो रवाच. कण हिरडीच्या कडेला बसत होते आणि प्रत्येक घासाला चूळ भरावी लागत होती. टाके असताना तो देऊ नये. मीठही काकू सगळ्यांनाच कमी घालतात, कारण त्यांचे निम्मे गिऱ्हाईक रक्तदाबाचे. मी जवळ मिठाची डबी ठेवली. अंडं त्या करत नाहीत. डॉक्टरांनी प्रथिनं घ्यायला सांगितली होती, ती भूक मुगावर आणि दह्यावर भागली, पण ज्यांना अंडं चालतं त्यांनी सकाळी घरी मऊ भुर्जी करून घ्यावी, मिरची-कांदा न घालता. माझ्या मैत्रिणीने दोनदा करून दिली, त्याने अंगात जरा त्राण आलं. आणखी एक, डबा साडेबाराला यायचा तो दोनदा सव्वाला आला. एरवी चाललं असतं. ज्याला जेवणानंतर वेळेवर गोळी घ्यायची असते त्याला पाऊण तास फार असतो.

गुरुवारी टाके काढले. त्या दिवशी काकूंनी पोळी दुधात कुस्करून पाठवली आणि सोबत शिकरण. आठ दिवसांनी पोळीची चव.

शुक्रवारी घरून पार्सल आलं. आईने एसटीने पाठवलेलं. आईला दाढेचं माहीत होतं, पण लेकीला पार्सल पाठवायचं तर त्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नाही, असं आमच्याकडे होतच नाही. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची पापडासारखी पातळ, मोडली की कडकन आवाज येणारी. मी डबा बंद करून कपाटात ठेवला आणि खरं सांगायचं तर डोळ्यात पाणी आलं. संध्याकाळी काकूंकडे पैसे द्यायला गेले तेव्हा बोलता बोलता हे निघालं. त्या म्हणाल्या, "जा, घेऊन ये."

दोन भाकऱ्या नेल्या. त्यांनी फडक्यात गुंडाळून लाटण्याने कुटल्या, चाळणीतून चाळून घेतल्या, तुरीच्या डाळीची पातळ आमटी गाळून त्यावर ओतली आणि वीस मिनिटं झाकून ठेवलं. तोवर आम्ही हिशेब केला. नऊ दिवसांत मी चौदा डबे घेतले होते, काही दोन्ही वेळचे, काही एकाच वेळचे. झाकण काढलं तेव्हा भाकरी फुगून मऊ झाली होती आणि वास थेट आमच्या स्वयंपाकघराचा होता. त्यांच्याच ओट्याशी उभं राहून, डाव्या बाजूने, लहान चमच्याने ती खाल्ली. वाटी धुवायला गेले तर काकूंनी हातातून काढून घेतली.

शेंगाची चटणी अजून कपाटात आहे. खड्डा भरून यायला आणखी दोन-तीन आठवडे जातील, तोवर ती उघडायची नाही असं डॉक्टर आणि काकू दोघांनीही सांगितलंय.