नागपुरात कमी खर्चात कलर ग्रेडिंगचा सेटअप: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

सीताबर्डीच्या कुठल्याही कॉम्प्युटर दुकानात "एडिटिंगसाठी पीसी पाहिजे" म्हटलं की कोटेशन साधारण एकाच साच्यातलं निघतं. महागडा प्रोसेसर, रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, आणि उरलेल्या पैशांत बसेल तो मॉनिटर. कटिंगसाठी हे चालून जातं. ग्रेडिंगसाठी, म्हणजे फुटेजचे रंग आणि उजेड जुळवण्यासाठी, मात्र हा क्रम उलटा आहे. मशीन हळू असेल तर वेळ जाईल. पण स्क्रीन चुकीचा रंग दाखवत असेल तर अख्खं काम चुकीचं जाईल आणि ते क्लायंटच्या टीव्हीवरच कळेल. म्हणून आधी मॉनिटरचे पैसे बाजूला काढा, मग बाकीचं जुळवा.

इथे पारखलेला संच असा: इंटेल आय५-१३५००, बी७६० बोर्ड, १६-१६ जीबीच्या २ रॅम, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, दोन एनव्हीएमई ड्राइव्ह (वेगवान एसएसडी), असूस प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही मॉनिटर, मॉनिटरला चित्र पाठवणारं ब्लॅकमॅजिकचं डेकलिंक मिनी मॉनिटर ४के कार्ड आणि ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर डाव्हिन्ची रिझॉल्व्ह. लग्नं, यूट्यूब, स्थानिक जाहिराती, शॉर्ट फिल्म, म्हणजे रेक.७०९ (साध्या एचडी टीव्हीचं रंगांचं मानक) मध्ये संपणाऱ्या कामासाठी हा संच नक्की घ्यावा असा आहे. एचडीआर (जास्त उजेड आणि जास्त रंगांचं चित्र) द्यायचं असेल तर यातला मॉनिटर कामाचा नाही.

प्रोसेसरवर दुकानदाराशी हमखास वाद होतो. "सेमच आहे भाऊ, एफ घ्या ना, स्वस्त पडते. ग्राफिक्स कार्ड तर तुम्ही लावतच आहे." गेमिंगसाठी हे बरोबर आहे, ग्रेडिंगसाठी नाही. नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, आणि त्या ग्राफिक्समध्येच क्विक सिंक, म्हणजे दाबलेलं फुटेज डीकोड करणारं (उलगडणारं) हार्डवेअर असतं. सोनी ए७ फोर किंवा एफएक्स३ चं १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं) एच.२६५ फुटेज आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेची कार्डं हार्डवेअरवर डीकोड करू शकत नाहीत. इंटेलचं क्विक सिंक ते करतं. एफ घेतला की सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो आणि टाइमलाइन अडखळायला लागते. १३५०० मध्ये यूएचडी ७७० हे अंगचं ग्राफिक्स आहे, त्यात दोन मीडिया इंजिनं आहेत. बजेट फारच ओढाताणीचं असेल तर १२४०० चालेल, पण त्याच्या यूएचडी ७३० मध्ये एकच इंजिन आहे.

नुसता प्रोसेसर घेऊनही भागत नाही. वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायॉसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर हा पर्याय सुरू करा, इंटेलचा ड्रायव्हर टाका, मग रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये डीकोड ऑप्शन्समध्ये क्विक सिंकवर खूण आहे का पाहा. एवढं एक काम राहून गेलेलं असतं आणि लोक "मशीन स्लो आहे" म्हणत रॅम वाढवत बसतात.

हे हार्डवेअर डीकोडिंग विंडोजवर नीट वापरायचं तर रिझॉल्व्हची स्टुडिओ, म्हणजे विकतची आवृत्ती लागते. मोफत आवृत्तीत नोड, क्वालिफायर, ट्रॅकर ही ग्रेडिंगची साधनं आणि सगळे स्कोप (रंग-उजेडाचे आलेख) मिळतात. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं) मिळत नाही आणि आउटपुट यूएचडीपर्यंतच (३८४०×२१६०) जातं. मोफतवर राहायचं असेल तर फुटेज आधी शटर एन्कोडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या. तिथे एचक्यूएक्स निवडा, एचक्यू नव्हे. एचक्यू ८-बिट आहे. एस-लॉग३ (सोनीचं फिकट, कमी कॉन्ट्रास्टचं रेकॉर्डिंग) मधलं आकाश ८-बिटमध्ये आलं की कॉन्ट्रास्ट वाढवताच पट्टे दिसतात, आणि ते नंतर कशानेही जात नाहीत. जागेचा हिशोब आधीच करून ठेवा: २५ फ्रेमचं यूएचडी फुटेज एचक्यूएक्समध्ये तासाला ३०० जीबीच्या आसपास जातं. लिनक्सवर जाऊन विंडोजचे पैसे वाचवण्याचा विचार असेल तर सोडून द्या. तिथे मोफत रिझॉल्व्ह एच.२६४ आणि एच.२६५ उघडतच नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मेमरीचा आकडा आधी, नवेपणा नंतर. ८ जीबीच्या ४०६० पेक्षा १२ जीबीचं ३०६० या कामाला बरं, कारण यूएचडी टाइमलाइनवर टेम्पोरल नॉइज रिडक्शन आणि दोन-चार इफेक्ट चढले की ८ जीबी भरते आणि रिझॉल्व्ह जीपीयू मेमरी संपल्याचा निरोप देऊन थांबतं. थोडे पैसे जास्त असतील तर १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय घ्या. ५० मालिका ४:२:२ स्वतः डीकोड करते, त्यामुळे एफचा सगळा वादच मिटतो. याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड मिळतं, तेव्हा बिलावर १६ लिहून घ्या. १२ जीबीतही अडलात तर टाइमलाइन १०८०पी वर ठेवून ग्रेड करा आणि डिलिव्हरीच्या वेळी यूएचडी करा. विंडो (चित्राचे निवडलेले भाग) आणि ग्रेड बरोबर येतात, फक्त ग्रेन, शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन पुन्हा तपासावं लागतं.

आता मॉनिटर. पीए२४८क्यूव्ही २४.१ इंचांचा, आयपीएस, १०० टक्के एसआरजीबी आणि रेक.७०९ देणारा आहे. या वर्गात यापेक्षा जास्त पैसे घालायची गरज नाही. फक्त तो १६:१० आहे, १९२०×१२००. त्यामुळे १०८०पी सिग्नल दिल्यावर मेनूत आस्पेक्ट नीट ठेवा, नाहीतर चेहरे उभे ताणलेले दिसतील. रिझॉल्व्हच्या खिडक्यांसाठी दुसरा कुठलाही जुना मॉनिटर चालतो. प्रोआर्टवर फक्त चित्र, तेही डेकलिंकमधून. डेकलिंकमुळे विंडोज आणि ग्राफिक्स ड्रायव्हर मध्ये येत नाहीत आणि सिग्नल जसाच्या तसा पोचतो. कार्डाला ४ लेनचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट लागतो. स्वस्त बोर्डांवर खालचा लांब स्लॉट दिसायला मोठा आणि आतून १ लेनचा असू शकतो, म्हणून बोर्ड ठरवायच्या आधी त्याचं मॅन्युअल उघडून बघा. डेकलिंकमधून यूएचडी ३० फ्रेमपर्यंतच जातं. फुटेज ५०पी (सेकंदाला ५० फ्रेम) असेल तर मॉनिटरिंग १०८० वर ठेवा.

डेकलिंक लावल्यावर काळा रंग राखाडी दिसला किंवा सावलीतलं सगळं बुडालं तर ग्रेडला हात लावू नका. रिझॉल्व्ह व्हिडिओ लेव्हल (काळ्या-पांढऱ्याची मर्यादित रेंज) पाठवतं आहे आणि मॉनिटर ती फुल रेंज समजतो आहे, किंवा उलट. दोन्हीकडे एकच रेंज ठेवा.

कॅलिब्रेशनसाठी (स्क्रीनचे रंग मोजून बरोबर करण्यासाठी) कॅलिब्राइट किंवा स्पायडरचं मीटर लागतं. चार-पाच स्टुडिओंनी मिळून एक घेतलं तरी पुरतं. मॉनिटर अर्धा तास सुरू ठेवून मग मोजा: पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा), उजेड १०० निट, अंधाऱ्या खोलीसाठी गॅमा (मधल्या छटांचा उजेड ठरवणारा आकडा) २.४. डिस्प्लेकॅल या मोफत सॉफ्टवेअरमधून ३डी लट (रंग दुरुस्तीची तक्ता-फाइल) काढा आणि रिझॉल्व्हच्या कलर मॅनेजमेंटमध्ये व्हिडिओ मॉनिटर लुकअप टेबलच्या जागी लावा. खोलीत हिरवट किंवा गुलाबी भिंत समोर नको. डोळा तिला सरावतो आणि हात उलट्या रंगाकडे जातो. मागे ६५०० केल्विनची एक मंद पट्टी पुरेशी आहे.

लग्नाच्या कामात मॉनिटर आणि स्कोप दोन्ही का लागतात ते हळदीच्या शॉटमध्ये दिसतं. व्हेक्टरस्कोप या रंगांच्या गोल आलेखावरची त्वचेची रेषा लाल आणि पिवळ्याच्या मधून जाते. हळद लागलेला चेहरा तिथून पिवळ्याकडे सरकतो, आणि तो तिथेच असायला हवा. रेषेवर ओढून आणला की नवरी आजारी दिसते आणि हळद विटकरी होते. अशा वेळी हळद न लागलेला हात किंवा पाहुण्यांचा चेहरा पकडून बॅलन्स करा. लॉनवरचे निळे-जांभळे एलईडी ही दुसरी डोकेदुखी. तो निळा रेक.७०९ च्या बाहेर जातो, चेहऱ्यावर सपाट डाग पडतो. सॅच्युरेशन सरसकट कमी करण्याऐवजी गॅमट मॅपिंग (बाहेर गेलेले रंग आत बसवणारा इफेक्ट) लावा.

स्टोरेजवर फार डोकं चालवू नका. सिस्टिमसाठी ५०० जीबी, फुटेज आणि कॅशसाठी २ टीबीचा टीएलसी प्रकारच्या मेमरीचा ड्राइव्ह. क्यूएलसी मेमरीचा स्वस्त ड्राइव्ह सुरुवातीला पळतो आणि मोठी कॉपी सुरू असताना मध्येच बसतो.

उन्हाळा मात्र गांभीर्याने घ्या. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर असताना खोली जितकी तापेल, कार्डही साधारण तितकंच जास्त तापतं. समोर जाळीचं कॅबिनेट घ्या, काचेचं नको. कूलरच्या झोतात कॅबिनेट कधीच ठेवू नका. त्या ओल्या हवेत पाण्याचे क्षार असतात. धुळीबरोबर ते बोर्डवर आणि पंख्यांवर बसतात, मग स्लॉट गंजतात. एसी नसेल तर लांब रेंडर पहाटे लावा. पॉवर सप्लाय ६५० वॉटचा. यूपीएस १ केव्हीएचा, कारण ६०० व्हीएचा रेंडरच्या भारावर वीज जाताच बसतो. घरातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चांगल्या सप्लायशी जमत नाही. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

बिल बनवताना "असेंबल्ड सीपीयू, १ नग" असं एका ओळीत घेऊ नका. वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी आणि वेगळ्या कंपनीची असते. प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सीरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. पैसे देण्याआधी तुमच्याच कॅमेऱ्याची ४:२:२ क्लिप पेन ड्राइव्हवर नेऊन दुकानातच चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये इंटेलच्या जीपीयूचा व्हिडिओ डीकोडचा आलेख हलतो का ते पाहा. ही चाचणी स्टुडिओ आवृत्तीवरच करा.