केबल काढल्याला अकरा महिने: एक स्टिक, एक डबी आणि हरवलेला रिमोट

केबल काढायचं ठरलं तेव्हा घरात दोन पक्ष पडले. मी आणि मुलगी एकीकडे, बाबा दुसरीकडे. आई "काय लावायचं ते लावा, माझी मालिका वेळेवर दिसली म्हणजे झालं" एवढ्या अटीवर तटस्थ. गेल्या अकरा महिन्यांत नेटवरून टीव्हीवर कार्यक्रम दाखवणारी दोन उपकरणं वापरून झाली. पहिले पाच महिने टीव्हीच्या पाठीत थेट खुपसायची स्टिक आणि नंतरचे सहा महिने वायरने जोडायची छोटी डबी. दोन्हींची नावं मुद्दाम देत नाही. माझे निम्मे त्रास मी ती कशी लावली त्यातून आले, आणि तशी लावली तर ते कुठल्याही कंपनीच्या वस्तूत येतील.

टीव्ही स्मार्ट असताना वेगळी वस्तू कशाला, हा बाबांचा पहिला प्रश्न. प्रश्न रास्त होता. पण आमचा टीव्ही सहा वर्षांचा. पडदा अजून ठणठणीत, मेंदू मात्र म्हातारा. एक अ‍ॅप उघडायला एवढा वेळ लागायचा की तोवर काय बघायचं होतं तेच विसरायला व्हायचं, आणि एका अ‍ॅपने तर "या टीव्हीवर आता चालणार नाही" असं सरळ सांगून टाकलं. पडदा दहा वर्षं टिकतो, आतलं सॉफ्टवेअर त्याच्या निम्मंही टिकत नाही. म्हणून मेंदू बाहेरून लावायचा, तो म्हातारा झाला की तेवढाच बदलायचा.

पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यापासून स्टिक मधूनच बंद पडून आपोआप सुरू व्हायला लागली, तेही बरोबर ऐन रंगात आल्यावर. मी नेटला शिव्या घातल्या, राउटरची जागा दोनदा बदलली, स्टिक फॅक्टरी रीसेट करून सगळे पासवर्ड पुन्हा एकेक अक्षर शोधत टाकले. दोष निघाला विजेचा. टीव्हीच्या मागे यूएसबी पोर्ट दिसला म्हणून मी स्टिकला वीज तिथूनच दिली होती. एक प्लग वाचला, वायर लपली, मी स्वतःवर खूश. पण टीव्हीचा साधा यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर देतो, म्हणजे ५ व्होल्टला अडीच वॉट. स्टिकच्या अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ५ व्होल्ट, १ अँपिअर. नुसतं मेनूत फिरायला अडीच वॉट पुरतात. ४के, म्हणजे अतिस्पष्ट, चित्र उलगडायचं आणि त्याच वेळी वायफायही जोरात चालवायचं म्हटलं की वीज कमी पडते आणि बिचारी मान टाकते. तो अ‍ॅडॉप्टर खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत तसाच बंद होता. काढून भिंतीत लावला, त्या दिवसापासून एकदाही रिस्टार्ट नाही.

आणखी एक गोष्ट त्यातून सुटली. टीव्ही बंद केला की पोर्टची वीज जायची, म्हणून रोज संध्याकाळी स्टिक शून्यापासून सुरू व्हायची आणि पाऊण मिनिट नुसता लोगो बघायचा. रात्री गुपचूप व्हायचे ते अपडेटही कधी झालेच नव्हते. सगळे साचून आम्ही बघायला बसलो की उतरायला लागायचे.

मग वायफाय. सोफ्यावर बसून फोनवर वेग मोजला तर ६० एमबीपीएस, स्टिकच्या सेटिंगमधल्या चाचणीत ९. स्टिक टीव्हीच्या मागे, पत्र्याला चिकटून लपलेली असते. तिच्यापर्यंत सिग्नल पोचणार कसा? खोक्यात वीतभर लांबीची एचडीएमआय एक्स्टेंडर वायर होती. पोर्ट अडचणीत असेल तर वापरायची, एवढाच तिचा उपयोग असेल असं मी धरून चाललो होतो. तिने स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर आली, २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडलं, आणि आकडा ३५ च्या आसपास जाऊन बसला. त्याहून जास्त लागतही नाही. नेटफ्लिक्स स्वतः १०८०पी, म्हणजे फुल एचडीसाठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं. आकडा मोठा असण्यापेक्षा तो तासभर तिथेच टिकणं महत्त्वाचं. नव्या डबीला इथरनेटची वायर लावली आहे. तिचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच आहे म्हणून माझ्या एका मित्राने नाक मुरडलं. १५ लागतात तिथे १०० मिळतात, मला तक्रार नाही.

चित्राबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आजकाल कुठलंही बऱ्यापैकी उपकरण घेतलंत तरी सोफ्यावरून फरक ओळखणं कठीण. खोक्यावरच्या संक्षेपांच्या रांगा वाचून मीही आधी रात्री जागवल्या होत्या. आज त्यातलं एकही आठवत नाही. दोनच गोष्टी सांगतो. नेटला महिन्याची मर्यादा असेल तर ४के सांभाळून वापरा. ते तासाला ७ जीबीपर्यंत खातं, म्हणजे रोज दोन तास पाहिलंत तर महिन्याला ४२० जीबी. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीवर आणता येतं. दुसरं, सिनेमात कॅमेरा हळूच आडवा फिरतो तेव्हा चित्र किंचित अडखळल्यासारखं दिसत असेल तर ते नेटमुळे नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, टीव्ही ६० वर चालतो. ते गणित जुळवायला एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा दाखवावं लागतं. मूळ फ्रेम रेट जुळवायची सोय अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्हीत आहे, अ‍ॅपल टीव्हीत आहे, माझ्या डबीतही आहे. पण मुळात ती बंद असते, शोधून चालू करावी लागते.

हो, साउंडबारचं राहिलं. डबी आधी साउंडबारमधून टीव्हीला जोडली होती, तर ४के दिसेचना. जुन्या साउंडबारला एचडीसीपी २.२, म्हणजे चित्राची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, माहीत नव्हतं, आणि साखळीतली एक कडी जरी जुनी असली तरी ४के अडतं. डबी थेट टीव्हीला लावली, आवाज टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या, आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय पोर्टमधून साउंडबारकडे वळवला, काम झालं.

स्टिक शेवटी बदलली ती जागा पुरेना म्हणून. खोक्यावर ८ जीबी लिहिलेलं. त्यातला मोठा भाग तिची स्वतःची सिस्टिमच खाते, आपल्या हाती पाच जीबीसुद्धा येत नाही. चार-पाच अ‍ॅप टाकली की "जागा कमी आहे". मग एक काढा, दुसरं टाका. मुलीचं कार्टूनचं अ‍ॅप आणि माझं बातम्यांचं अ‍ॅप एकमेकांच्या जिवावर उठलेले. रॅम एक जीबी, त्यामुळे एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जाऊन परत आलं की पहिलं पुन्हा मुळापासून सुरू. बटण दाबल्यावर काही होत नाही म्हणून माणूस पुन्हा दाबतो, आणि मग दोन्ही एकदम होतं. आईने यावर उपाय काढला होता: एकदा दाबायचं आणि पाचपर्यंत आकडे मोजायचे. नवी डबी घेताना मी एवढंच पाहिलं की रॅम किमान दोन जीबी हवी. आईचे आकडे बंद झाले.

आता बाबा. केबलच्या काळात बाबांना शंभरेक चॅनेलचे नंबर पाठ होते. २७ दाबलं की बातम्या, विषय संपला. स्टिकच्या रिमोटवर एकही आकडा नाही. बाण, मधलं बटण, घराचं चित्र, मागे जायचा बाण. "अरे, बातम्या कुठे गेल्या?" हे पहिले दोन महिने रोज ऐकलं. त्यात होम स्क्रीनवर आल्या आल्या कुठल्या तरी सिनेमाची झलक आपोआप ढणाढणा वाजायची आणि बाबा दचकायचे. ती झलक सेटिंगमध्ये बंद करता येते, लगेच करा. अ‍ॅपची रांग हवी तशी लावता येते; बातम्या डावीकडून पहिल्या, आईचं दुसऱ्या. तरी बाबा चुकून तिसऱ्यात गेले की आतून आईचा आवाज, "अहो, मागे या, मागे."

केबलची एक गोष्ट मात्र कुठल्याच उपकरणाला जमलेली नाही. टीव्ही लावला की काहीतरी आधीच चालू असायचं. इथे आधी कोण बघतंय ते निवडा, मग काय बघायचं ते निवडा. थकून आलेल्या माणसाला निवडायचंच नसतं. लाइव्ह चॅनेलची अ‍ॅप आहेत, पण तिथवर पोचायला सहा-सात बटणं.

माइकच्या बटणाने बाबांचं मन थोडं वळवलं. ते रिमोट तोंडाजवळ धरून अदबीने म्हणतात, "जरा बातम्या लावा." रिमोटला 'लावा' म्हणणारे आमच्याकडे तेच एकटे. कधी बरोबर लागतात, कधी त्याने जे ऐकलं ते पडद्यावर उमटतं आणि मुलगी हसून लोळते.

हरवलेल्या रिमोटची हकीकत आता सांगायला हरकत नाही. स्टिकचा रिमोट बोटभर, सोफ्याच्या फटीत सहज जाणारा. चौथ्या महिन्यात एक दिवस तो गायब. फोनवर रिमोटचं अ‍ॅप होतं, पण फोन आणि स्टिक एकाच वायफायवर असले तरच ते चालतं. आणि त्याच सकाळी मी राउटरचा पासवर्ड बदलला होता. म्हणजे स्टिक जुना पासवर्ड घेऊन दाराशी उभी, नवा सांगायचा तर रिमोट हवा, रिमोट फोनमध्ये, फोन दुसऱ्या घरात. तासभर डोकं खाजवल्यावर सुचलं: बायकोच्या फोनवर हॉटस्पॉट लावला, त्याला राउटरचं नाव आणि जुना पासवर्ड दिला. स्टिक फसली आणि निमूट जोडली गेली. माझा फोन त्याच हॉटस्पॉटवर घेतला, अ‍ॅपमधून नवा पासवर्ड घातला. राउटरचं नाव मोठं होतं, एक अक्षर लहानमोठं चुकलं असतं तरी जमलं नसतं.

नंतर कळलं की एवढं करायची गरजच नव्हती. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटचे बाण स्टिकला चालतात. पण ते या नावाने सापडत नाही. सॅमसंगमध्ये त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा. गूगल टीव्ही स्ट्रीमरच्या मागे तर एक बटण आहे, दाबलं की हरवलेला रिमोट वाजतो. असं बटण प्रत्येक डबीला असायला हवं. आमचा रिमोट नंतर चादरीच्या घडीत सापडला.

सामने बघणाऱ्यांसाठी एक इशारा. स्ट्रीमिंगचा 'लाइव्ह' जरा शिळा असतो. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि अडखळू नये म्हणून असे दोन-तीन तुकडे हाताशी ठेवूनच अ‍ॅप दाखवायला लागतं. सगळं मिळून अर्धा मिनिट सहज जातो. शेजाऱ्यांकडे अजून केबल आहे. त्यांच्या भिंतीपलीकडून आरोळी येते आणि आमच्याकडे अजून खेळाडू धावायला लागलेला नसतो. डबी बदलून यात काहीच फरक पडला नाही. शेवटच्या षटकांत फोनचे मेसेज बंद आणि खिडकी बंद, हाच उपाय.

नवीन घेणाऱ्याने काय बघावं असं मला विचारलंत तर वीज, रॅम आणि रिमोट यांच्यानंतर मी विचारीन की कंपनी किती वर्षं अपडेट देते. २०१३ च्या पहिल्या क्रोमकास्टचा आधार गूगलने २०२३ मध्ये काढून घेतला, म्हणजे दहा वर्षं मिळाली, आणि ती वस्तू तर मुळात रिमोटशिवायची, फोनवर चालणारी होती. अ‍ॅपलची २०१५ ची 'अ‍ॅपल टीव्ही एचडी' ही डबी २०२५ च्या नव्या टीव्हीओएसवर, म्हणजे अ‍ॅपलच्या डब्यांच्या सिस्टिमवरही चालते. बिननावाच्या "सगळं फुकट" डब्यांच्या वाटेला जाऊ नका. मित्राने असा एक आणला, खोक्यावर ठळक ४के, आणि नावाजलेल्या अ‍ॅपवर चित्र ४८०पी. त्या डब्याकडे वाइडव्हाइन या गूगलच्या कॉपी-संरक्षणाची वरची पातळी, एल१, नव्हतीच. ती नसेल तर अ‍ॅप एचडी देत नाहीत. चित्र धूसर दिसणं परवडलं, पण २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या व्हायरस लागलेल्या उपकरणांच्या जाळ्याबद्दल सावध केलं, त्यात अशी स्ट्रीमिंग उपकरणंही होती: काहींमध्ये व्हायरस विकत घेण्याआधीच घातलेला, आणि घरचं इंटरनेट दुसऱ्यांच्या गुन्ह्यांसाठी वापरलं जातं. मित्राने त्याच संध्याकाळी डबा काढला.

स्टिक टाकून दिलेली नाही. तिच्यात आता दोनच अ‍ॅप ठेवली आहेत आणि ती आतल्या खोलीतल्या टीव्हीला, भिंतीतल्या अ‍ॅडॉप्टरवर, एक्स्टेंडरसकट चालते. तेवढ्यापुरती ती चांगलीच आहे. केबलचा जुना रिमोट बाबांनी ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता. गेल्या महिन्यात डबीच्या रिमोटचे सेल संपले आणि घरात दुसरे नव्हते, तेव्हा त्यांनीच तो काढला, मागचं झाकण सरकवलं आणि दोन्ही सेल माझ्या हातावर ठेवले.