किनाऱ्यावरचं मिशन बोर्डिंग: मुलाला पाठवण्याआधी

इंग्लंडात कॅथलिक शिक्षणावर बंदी होती, म्हणून जेझुइटांची (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) स्टोनीहर्स्ट ही निवासी शाळा १५९३ साली समुद्रापलीकडे, आजच्या फ्रान्समधल्या सेंतोमेरला सुरू झाली. इंग्लंडातल्या लँकेशायरला आली ती १७९४ मध्ये. त्या शाळेसारखाच घंटेवर चालणारा दिवस सिंधुदुर्गातल्या या मिशन बोर्डिंगातही आहे. साडेपाचला उठणं, सहाला मिस्सा (चर्चमधली उपासना), रात्री ८ ते ९.३० अभ्यास. त्या वेळी फादर स्वतः हॉलमध्ये बसतात, हे फार मोलाचं.

जेवण चांगलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज नि लोणचं. शुक्रवारी मांस नाही, मासे चालतात. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, त्यामुळे शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीचे शुक्रवार सुक्या बांगड्यावर नि कुळथाच्या पिठीवर निघतात.

खरी अडचण कपड्यांची. वाळत घालायला एकच पडवी, पावसात तीन-तीन दिवस ओल जात नाही. गणवेशाचे दोन जोड पुरत नाहीत, चार द्या. कपड्यांवर मुलाचा नंबर मार्करने लिहिला तर धुण्यात जातो. कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवा. ट्रंकेत तळाला वर्तमानपत्र नको, ते ओल धरतं. प्लॅस्टिकचा कागद घाला आणि बिजागऱ्यांना शिवणयंत्राचं तेल द्या, खाऱ्या वाऱ्याने आधी त्याच गंजतात.