बरोबरीत सुटणारा पुण्यातला फ्लॅट: आहे तसा ठेवावा, सामानासकट द्यावा की विकावा?

घरमालक व्हायचा काडीचा बेत नसताना घरमालक झालेले लोक पुण्यात पुष्कळ आहेत. राहायला म्हणून फ्लॅट घेतला, मग बेंगळुरूला बदली झाली किंवा नोकरी परदेशात मिळाली. विकायला मन होईना, म्हणून दिला भाड्याने. भाडं येतं आणि हप्त्यात जातं. अशा फ्लॅटचं पुढे काय करायचं, हे ठरवताना आधी आकडे मांडू.

एक नमुना धरू. बाणेरला दोन बेडरूमचा फ्लॅट, २०१६-१७ मध्ये ५५ लाखांना घेतलेला, आज ८५ लाखांचा. कर्ज शिल्लक २५ लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत पंधरा वर्षं, हप्ता साधारण २४,६०० रुपये. भाडं २८,००० आणि मेंटेनन्स ३,५००. म्हणजे महिन्याला शंभर रुपयांचा फरक. पण यात मिळकतकर धरलेला नाही. तो वर्षाला १८,००० धरा. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका देते ती ४० टक्के सवलत भाड्याने दिल्यावर मिळत नाही. दर तीन वर्षांनी भाडेकरू बदलला तर एक रिकामा महिना, एका महिन्याची दलाली आणि रंगरंगोटी मिळून ७६,००० रुपये, म्हणजे वर्षाला २५,०००. वर्षाअखेरीस खिशातून सुमारे ४४,००० जातात. मात्र पहिल्या वर्षीच्या हप्त्यांतून ८६,००० रुपये मुद्दल फिटतं. ते आपलंच आहे, फक्त हातात दिसत नाही.

पहिला पर्याय म्हणजे कुटुंबाला, रिकामा फ्लॅट, लांब मुदतीने. यात मजा नाही, पण लांब राहणाऱ्याला हाच झेपतो. भाडेकरू दरवर्षी बदलला तर ते ७६,००० दरवर्षी जातात. चांगल्या कुटुंबाकडे पाच टक्क्यांऐवजी दहा टक्के वाढ मागून वर्षाला जेमतेम १६,८०० जास्त मिळतात, आणि त्यापायी ते सोडून गेले तर हिशेब उलटा पडतो. त्यामुळे करार अकराच महिन्यांचा करायची सवय सोडावी. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, साठ महिन्यांपर्यंत करता येतो. छत्तीस महिन्यांचा करावा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहावी. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का, आणि नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. आधारवर अंगठा लावून हे घरबसल्या होतं. नोंदणी मालकाची जबाबदारी आहे. ती नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. नोंदणी असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात दुप्पट भाड्याची तरतूद आहे.

सोसायटीचं बिलही एकदा नीट वाचा. ना-भोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ती रक्कम, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर मोजायचे नसतात. तरीही मेंटेनन्सच्या दीडपट बिल मुकाट्याने भरणारे मालक आहेत.

दुसरा पर्याय: सामान घालून आयटीतल्या मुलांना किंवा जोडप्याला. पलंग, कपाटं, फ्रिज, वॉशिंग मशीन, एखादा एसी धरून अडीच लाख घालावे लागतील. भाडं ६,००० नी वाढलं तरी पैसे वसूल व्हायला साडेतीन वर्षं. तोवर वॉशिंग मशीन एकदा तरी बंद पडणार, आणि फोन तुम्हाला येणार. पुण्यात भाऊ, मेव्हणी, कुणीतरी विश्वासाचं असेल तरच या वाटेला जावं.

कॉट बेसिस, म्हणजे फ्लॅटऐवजी एकेक पलंग भाड्याने देणं, कागदावर सगळ्यात भारी. सहा कॉट, आठ हजार प्रत्येकी, म्हणजे ४८,०००. वीज, वायफाय, कामवाल्या मावशी, एखादी रिकामी कॉट वजा केली तरी भाड्यापेक्षा बरंच वर उरतं. पण तो धंदा आहे, तो बेंगळुरूहून होत नाही, आणि सोसायटीशी रोजची कटकट वेगळी. दोन-तीन रात्रींसाठी पाहुण्यांना देण्याचंही तेच, शिवाय बाणेर म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे.

कंपनीला दिलेला फ्लॅट वेळेवर भाडं देतो. फक्त जुलै २०२२ पासून जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीला त्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी स्वतः भरावा लागतो, म्हणून ती भाव पाडून मागते.

भाडेकरूला हात न लावता नफा हवा असेल तर कर्ज फेडा. पाच लाख आधी भरले आणि हप्ता कमी करून घेतला, तर महिन्याला ४,९०० रुपये मोकळे होतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून बँक त्यासाठी दंड घेऊ शकत नाही. पण करात थोडं उलट होतं. भाड्यातून मिळकतकर आणि उरलेल्याचे ३० टक्के वजा झाले, त्यातून व्याज गेलं, की करपात्र रक्कम जेमतेम १३,००० उरते, आयकराच्या जुन्या पद्धतीत काय आणि नव्या काय. व्याज वर्षाला ४२,५०० नी कमी झालं की ही रक्कम तेवढीच वाढते, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात त्या वाढीवर सुमारे तेरा हजार रुपये जास्त कर लागतो. म्हणजे साडेआठ टक्क्यांची बचत प्रत्यक्षात ५.८५ टक्के. सात टक्क्यांची ठेव त्याच टप्प्यात ४.८ वर येते. तरी फेड जिंकते.

आणि विकला तर? भारतात राहणाऱ्याला जुलै २०२४ पूर्वीच्या खरेदीवर दोन वाटा आहेत: इंडेक्सेशनशिवाय (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) नफ्यावर १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के. आपल्या नमुन्यात २०२५-२६ साली पहिल्याने पावणेचार लाख, दुसऱ्याने सव्वा लाखाच्या थोडा वर कर. कर्ज, कर, दलाली जाऊन ५७ लाखांच्या आसपास हातात. ठेवीत टाकले तर कर भरून वर्षाला पावणेतीन लाख. फ्लॅट आज फिटलेलं मुद्दल धरून, खिशातले ४४,००० वजा जाता, वर्षाला ४२,००० देतो. फरक भरून काढायला किंमत वर्षाला २.७ टक्के वाढायला हवी. नमुन्यातली वाढ पाचच्या जवळची आहे. म्हणून हप्ता झेपत असेल तर मी विकणार नाही, कुटुंबाला छत्तीस महिन्यांनी देईन आणि बोनसमधून कर्ज फेडत राहीन. इमारत जुनी होत चालली असेल, लिफ्ट आणि गळतीसाठी वर्गण्या सुरू झाल्या असतील, तर मात्र विकण्याकडे माझा कल राहील.

परदेशी स्थायिक झालेल्यांचं गणित वेगळं. इंडेक्सेशनची वाट त्यांना नाही. भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस (आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो, जो बहुतेक भाडेकरूंना माहीतही नसतो. विकताना खरेदीदार सहसा नफ्यावर नव्हे तर पूर्ण किमतीवर टीडीएस कापतो आणि परताव्यासाठी विवरणपत्र भरून वाट पाहावी लागते. परतायचं नक्की नसेल आणि विकायचं ठरलं असेल, तर इसार घेण्याआधीच आयकर खात्याकडे कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज टाका.