प्री-वर्कआउट: साडेतीन महिने, दोन डबे आणि एक दगड

परवा प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचा डबा उघडला तर आत दगड. चमचा घातला, चमचाच वाकला. दुसरा डबा, अर्धा शिल्लक. अठराशेचे अर्धे, म्हणजे नऊशे रुपये गोठून बसलेत.

कस्टमर केअर म्हणतं, "सर, कोरड्या जागी ठेवा असं डब्यावर छापलंय." जुलैत डोंबिवलीत कोरडी जागा दाखवा, मी राहायलाच जातो तिथे. आतली ओलावा शोषणारी पुडी पहिल्याच दिवशी कचरा समजून फेकली होती, हे मात्र त्यांना सांगितलं नाही. आई म्हणाली, "मिठात घालतो तसे चार तांदूळ टाकायचे होतेस."

पहिल्या महिन्यात मी याला पाच तारे दिले होते. कानामागे, हातांवर मुंग्या यायच्या आणि वाटायचं, माल लागू पडला. त्या मुंग्या पावडरीतल्या बीटा-अलानीन नावाच्या घटकाच्या. ते रोज घेतलं तर काही आठवड्यांनी उपयोगी पडतं, तेही मिनिट-दोन मिनिटं दम काढणाऱ्या मेहनतीला. माझा पाच रेप्सचा सेट, म्हणजे सलग पाचदा वजन उचलणं, वीस सेकंदांत संपतो. आणि मी घेत होतो आठवड्यातून तीनदा.

पण व्यायामाची वही खोटं बोलत नाही. बेंच प्रेसला, म्हणजे आडवं पडून वजन वर ढकलताना, 70 किलोचे 5 रेप्स व्हायचे, पावडरीचा एक स्कूप (मापाचा चमचा) घेतल्यावर 7. म्हणजे काम करतं? करतं, पण ते कॅफीन. स्कूपमध्ये 200 मिलिग्रॅम, माझं वजन 68, म्हणजे किलोमागे जवळपास 3. अभ्यासांत फरक दिसतो तो साधारण 3 ते 6 मध्ये. बाकी घटकांत सिट्रुलीन 3 ग्रॅम, जिथे 6 ते 8 वापरतात. क्रिएटिन 1 ग्रॅम, जे रोज 3 ते 5 लागतं आणि व्यायामाआधीच घ्यावं असंही काही नाही.

मग दोन आठवडे कोरी कॉफी पिऊन गेलो, दोन चमचे इन्स्टंट. रेप्स 7, एकदा 6. खर्च दहा-बारा रुपये. स्कूप साठ रुपयांना पडतो. झोपेचं खोबरं मात्र दोन्हींनी सारखंच. संध्याकाळी साडेसातला घेतलं की रात्री साडेबारालाही निम्मं कॅफीन अंगात असतं. पंखा मोजत पडायचं.

तारे आता दोन. त्यातला एक कॅफीनचा.

तरी नऊशे रुपये फेकवेनात. दगड आईच्या खलबत्त्यात कुटला, घासून-पुसून जागेवर ठेवला. काल खिचडीवरच्या दाण्याच्या कुटाला ब्लू रास्पबेरीचा वास येत होता. आई दाणेवाल्याला बोल लावतेय, मी गप्प जेवतोय.